बुलढाणा ते लोणार, सरळ रेषेत

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि खुद्द बुलढाणा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. त्यामुळे इथे अंतर कुणी सरळ सांगत नाही. राजूर घाटाने गेलात की बोथ्याच्या घाटाने, त्यावर उत्तर बदलतं. पण वळणं, चढउतार, रस्त्याची अवस्था हे सगळं बाजूला ठेवून दोन गावांमधलं सरळ अंतर काढायचं असेल, तर दहावीच्या गणित भाग दोनमधलं निर्देशक भूमितीचं प्रकरण पुरेसं आहे. त्यातलं अंतराचं सूत्र बरेच जण पाठ करतात, परीक्षेत वापरतात आणि सोडून देतात. ते आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मांडून पाहिलं की ते असं का आहे हे कळतं, आणि ते कुठे फसवतं हेही कळतं.

आलेखाचा कागद घ्या. मधोमध एक बिंदू काढा आणि त्याला बुलढाणा शहर म्हणा. हा आपला आरंभबिंदू, त्याचे निर्देशक (०, ०). त्यातून एक आडवी रेघ पूर्व-पश्चिम, तो क्ष-अक्ष. एक उभी रेघ दक्षिण-उत्तर, तो य-अक्ष. एक लहान घर म्हणजे एक किलोमीटर. पूर्वेकडे गेलं की क्ष धन, पश्चिमेकडे ऋण. उत्तरेकडे य धन, दक्षिणेकडे ऋण. आरंभबिंदू जिल्ह्याचं ठिकाण आहे म्हणून निवडला, एवढंच. मेहकर धरलं असतं तरी गावांमधली अंतरं तीच आली असती, आणि असं का, ते सूत्र हाती आलं की आपोआप दिसेल.

आता गावं मांडू. अक्षांश-रेखांशांवरून पूर्ण किलोमीटरांत काढलेले हे अंदाजे निर्देशक आहेत. शेगाव (५३, २९): बुलढाण्याच्या पूर्वेला ५३ किलोमीटर आणि उत्तरेला २९. लोणार (३४, −६१): पूर्वेला ३४, दक्षिणेला ६१. सिंदखेडराजा (−६, −६४), म्हणजे किंचित पश्चिमेला आणि बरंच दक्षिणेला. मलकापूर (२, ३९), जवळजवळ थेट उत्तरेला. चारही गावं कागदावर टिंबांनी दाखवली की एरवी एसटीच्या खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी दिसणारा जिल्हा एकदम डोळ्यांसमोर येतो. दक्षिणोत्तर लांब, पूर्व-पश्चिम अरुंद.

सोपी जोडी आधी घेऊ. लोणार आणि सिंदखेडराजा जवळपास एकाच आडव्या रेषेवर आहेत. उभा फरक तीन किलोमीटर, तो क्षणभर विसरू. आडवा फरक किती? ३४ मधून −६ वजा करायचे: ३४ − (−६) = ३४ + ६ = ४०. विद्यार्थ्यांचा पाय बहुतेकदा इथेच घसरतो. ऋण संख्या वजा करायची म्हणजे मिळवायची हा नियम पाठ असतो, पण घाईत २८ लिहिलं जातं. नकाशाकडे पाहिलं तर चूक होऊच शकत नाही. सिंदखेडराजाहून निघालेला माणूस आधी सहा किलोमीटर चालून बुलढाण्याच्या उभ्या रेषेपर्यंत येतो आणि मग आणखी चौतीस किलोमीटर पुढे लोणारला पोचतो. रेषेच्या दोन बाजूंची गावं आहेत, त्यांची अंतरं मिळवायची असतात. उलट शेगाव आणि लोणार दोन्ही पूर्वेलाच आहेत, म्हणून तिथे ५३ − ३४ = १९, साधी वजाबाकी.

आता तिरकी जोडी घेऊ: लोणार ते शेगाव. आडवा फरक १९, हा आताच काढला. उभा फरक २९ − (−६१) = ९०. म्हणजे लोणारहून आधी १९ किलोमीटर थेट पूर्वेला गेलो आणि तिथून ९० किलोमीटर थेट उत्तरेला गेलो, तर शेगाव येईल. पण हा वळसा झाला. आपल्याला हवी आहे ती लोणारहून शेगावला जाणारी तिरकी रेघ.

कागदावर ही तिन्ही रेघा काढा. आडवी १९ ची, उभी ९० ची आणि त्यांना जोडणारी तिरकी. आडवी आणि उभी जिथे भेटतात तिथे काटकोन आहे, कारण अक्ष एकमेकांना लंब आहेत. म्हणजे तिरकी रेघ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण झाला, आणि कर्णाबद्दल काय म्हणायचं ते पायथागोरसचं प्रमेय सांगतं: कर्णाचा वर्ग म्हणजे दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज. १९ चा वर्ग ३६१. ९० चा वर्ग ८१००. बेरीज ८४६१. हा अंतराचा वर्ग झाला. त्याचं वर्गमूळ घेतलं की अंतर. ९२ चा वर्ग ८४६४ येतो, आपल्याकडे त्याहून तीन कमी, म्हणजे लोणार ते शेगाव सरळ अंतर ९२ किलोमीटरला अगदी थोडंसं कमी.

अंतराचं सूत्र म्हणतात ते एवढंच आहे. एका बिंदूचे निर्देशक (क, ख) आणि दुसऱ्याचे (ग, घ) असतील तर

अंतर = √[(ग − क)² + (घ − ख)²]

कंसातल्या दोन वजाबाक्या म्हणजे त्रिकोणाच्या आडव्या-उभ्या बाजू, आणि वर्गमूळ म्हणजे कर्ण. सूत्रात वजाबाकी कोणत्या बाजूने करायची याची चिंता करण्याचं कारण नाही. शेगावातून लोणार वजा केलं तर १९ येतात, लोणारातून शेगाव वजा केलं तर −१९. वर्ग दोघांचाही ३६१. आरंभबिंदू हलवला तर काय होतं याचंही उत्तर याच वजाबाकीत आहे. मेहकर आरंभबिंदू धरलं की प्रत्येक गावाच्या क्ष मधून एकच ठरावीक संख्या वजा होते आणि य मधून दुसरी एक, आणि फरक घेताना ती दोन्हीकडून उडून जाते.

हा विचार बुलढाण्याला परका नाही, हे इथे सांगायला हवं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापन केला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाची आडवी बाजू भुज, उभी बाजू कोटी आणि तिरकी बाजू कर्ण या नावांनी येते, आणि भुज-कोटीच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे कर्ण हा नियम स्पष्ट दिलेला आहे. निर्देशक अक्षांची कल्पना युरोपात देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथानंतर रुजली. पण अक्ष आखून झाल्यावर अंतर काढायला जे लागतं, ते सगळं लीलावतीत त्याच्या पाच शतकं आधीपासून होतं.

लीलावतीतला आणखी एक नियम इथे उपयोगी आहे. बेरीज पूर्ण वर्ग नसेल तर वर्गमूळ कसं काढायचं? भास्कराचार्य सांगतात की संख्येला एका मोठ्या वर्गसंख्येने गुणा, त्याचं वर्गमूळ घ्या, आणि त्या मोठ्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. ८४६१ ला १०,००० ने गुणलं की ८,४६,१०,००० येतात. त्याचं पूर्णांकातलं वर्गमूळ ९१९८. त्याला १०० ने भागलं की ९१.९८. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर मिळालं, अपूर्णांकांना हातही न लावता. मोबाइलवरचं गणकयंत्र हेच उत्तर देतं, पण ही रीत एकदा हाताने करून पाहण्यासारखी आहे.

आता फसवणुकीची जागा. वरचे निर्देशक किलोमीटरांत दिले. तुम्ही स्वतः मोबाइलच्या नकाशावर बुलढाण्यावर बोट ठेवलंत तर मात्र किलोमीटर मिळत नाहीत, अंश मिळतात: अक्षांश सुमारे २०.५३, रेखांश सुमारे ७६.१८. शेगावचे २०.७९ आणि ७६.६९. अनेक जण हेच आकडे थेट सूत्रात घालतात. फरक ०.५१ आणि ०.२६, वर्गांची बेरीज ०.३२७७, वर्गमूळ ०.५७ अंश. मग कुठेतरी वाचलेलं असतं की एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून गुणाकार करून उत्तर येतं साधारण साडेत्रेसष्ट किलोमीटर. खरं अंतर (५३, २९) वरून: २८०९ + ८४१ = ३६५०, वर्गमूळ ६०.४. तीन किलोमीटरची चूक झाली.

चूक सूत्राची नाही. सूत्राची एक अट आहे: आडवं एक घर आणि उभं एक घर सारख्याच लांबीचं हवं. अंशांचं तसं नसतं. अक्षांशाचा एक अंश आपल्याकडे उत्तर-दक्षिण सुमारे ११०.७ किलोमीटरचा आहे. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून पूर्व-पश्चिम एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरहून थोडा जास्त, बुलढाण्यापाशी सुमारे १०४.३ आणि श्रीनगरपाशी जेमतेम ९२ किलोमीटरचा उरतो. अंशांची घरं चौरस नाहीत, आयत आहेत. म्हणून आधी प्रत्येक फरक किलोमीटरांत आणायचा आणि मगच वर्ग करायचा. रेखांशाचा फरक ०.५१ गुणिले १०४.३, म्हणजे ५३. अक्षांशाचा ०.२६ गुणिले ११०.७, म्हणजे २९. आपले शेगावचे निर्देशक असेच आले.

काटेकोर वाचक विचारेल की लोणारपासून जळगाव जामोदपर्यंत तरी रेखांशाचा अंश सारखा असतो का? नसतो. लोणारपाशी तो १०४.७ किलोमीटरच्या जवळ आहे, जळगाव जामोदपाशी १०४ च्या जवळ. जिल्ह्याच्या रुंदीत यामुळे दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे होतात. पूर्ण किलोमीटरांत बोलत असू तर हे सोडून देता येतं. शेताची मोजणी करणाऱ्याला सोडून चालत नाही, त्याच्याकडे आपण परत येऊ.

उंचीचं काय? घाटावर-घाटाखाली म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा, ती उंची सरळ अंतरात किती भर घालते हे पाहण्यासारखं आहे. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, मलकापूर सुमारे २५० मीटरवर. फरक ४०० मीटर, म्हणजे ०.४ किलोमीटर. तिसरा अक्ष उभा केला की सूत्रात आणखी एक वर्ग मिळवायचा, बाकी काही बदलत नाही. सपाट नकाशावर मलकापूरचं अंतर: ४ + १५२१ = १५२५, वर्गमूळ ३९.०५. उंचीचा वर्ग ०.१६ मिळवला की १५२५.१६. वर्गमूळ ३९.०५ च राहतं. फरक पडतो फक्त दोन मीटरचा! डोंगराची उंची अंतर वाढवत नाही. चढ सोसवेल असा करण्यासाठी रस्त्याला जी वळणं घ्यावी लागतात, ती अंतर वाढवतात. राजूर घाटातल्या प्रत्येक वळणाचा हिशेब या दोन मीटरांच्या बाहेरचा आहे.

सूत्राचा सगळ्यात सुंदर उपयोग मात्र लोणारला आहे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं ते विवर जवळजवळ गोल आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. गोल म्हणजे काय? मध्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या बिंदूंचा समूह. म्हणजे वर्तुळाची व्याख्याच अंतराच्या सूत्रातून येते. पण विवराचा मध्य तळ्याच्या पाण्यात आहे. तिथे उभं न राहता तो सापडेल का?

काठावरचे तीन बिंदू पुरतात. उदाहरणासाठी सोपे आकडे धरू, एकक शंभर मीटर. काठावरच्या एका जागेला आरंभबिंदू म्हणू, (०, ०). दुसरी जागा तिच्या थेट पूर्वेला, पलीकडच्या काठावर (१८, ०). तिसरी उत्तरेच्या काठावर (१०, १०). मध्य (म, न) समजा. मध्यापासून तिन्ही अंतरं सारखी हवीत. वर्गमुळं काढत बसण्याची गरज नाही, कारण अंतरं सारखी असतील तर त्यांचे वर्गही सारखेच असतात.

पहिल्या दोन बिंदूंवरून: म² + न² = (१८ − म)² + न². दोन्हीकडचा न² गेला. उरलं ३६म = ३२४, म्हणून म = ९. पहिल्या आणि तिसऱ्यावरून: म² + न² = (१० − म)² + (१० − न)². कंस सोडवले की दोन्हीकडचे वर्ग उडतात आणि उरतं २०म + २०न = २००, म्हणजे म + न = १०. म ९ आहे, म्हणून न = १. मध्य (९, १), आणि त्रिज्येचा वर्ग ८१ + १ = ८२. वर्गमूळ ९.०६, म्हणजे त्रिज्या ९०६ मीटर आणि व्यास १.८१ किलोमीटर. पाण्यात पाय न घालता मध्य हाती आला.

आता चौथा बिंदू घ्या, काठावर कुठेही. त्याचं या मध्यापासूनचं अंतर ९०६ मीटर आलं तर विवर तिथे खरोखरच वर्तुळाकार आहे. कमी-जास्त आलं तर काठ कुठे किती ढासळला, पावसाच्या ओढ्यांनी कुठे किती कापला, याचा अंदाज येतो. दहावीच्या मुलांची सहल लोणारला जात असेल, तर तिथल्या धार या झऱ्याशेजारच्या देवळाच्या दर्शनानंतर काठावरच्या चारपाच जागांचे निर्देशक मोबाइलवर टिपून हे गणित करता येईल. सहलीचा याहून चांगला गृहपाठ मला सुचत नाही. फक्त अंशांचे आधी मीटर करायचे, ते विसरायचं नाही.

मोजणीवाल्याकडे परत येऊ. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या रोव्हरनेही होते. बांधाच्या कोपऱ्यावर रोव्हर धरला की त्या जागेचे निर्देशक मिळतात, आणि ते मीटरमध्ये वापरता यावेत म्हणून पृथ्वीचा गोल सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्यांत सपाट करून घेतलेला असतो. बुलढाणा जिल्हा ७२ ते ७८ अंश रेखांशांच्या त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतो. पट्ट्याच्या मधल्या रेषेला, म्हणजे ७५ अंशाला, पाच लाख मीटर हा आकडा दिलेला असतो, त्यामुळे बुलढाणा शहराचा पूर्वेकडचा आकडा सव्वासहा लाखांच्या आसपास निघतो. आकडे मोठे दिसतात, पण वजाबाकी केली की उरतं ते शेताएवढंच. एका बांधाच्या दोन टोकांत पूर्वेकडचा फरक १२० मीटर आणि उत्तरेकडचा ५० मीटर असेल तर १४,४०० + २,५०० = १६,९००, बांध १३० मीटर लांब.

पट्टा बदलला की मात्र सांभाळावं लागतं, आणि त्याचं उदाहरण एका वाघाने घालून दिलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी-१ सी-१ या नर वाघाला २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गळपट्टा बसवला. त्या वर्षी जूनमध्ये तो टिपेश्वरहून निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातून फिरत फिरत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. तोवर सुमारे १३०० किलोमीटर चालणं झालं होतं. नंतर त्याला वॉकर हे नाव पडलं. टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांच्यातलं सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मग १३०० कुठून आले?

गळपट्टा ठरावीक वेळाने वाघाचे निर्देशक पाठवत होता. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर आपल्या सूत्राने काढायचं, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचं काढायचं, असं शेवटपर्यंत, आणि सगळ्यांची बेरीज करायची. दोन नोंदींमध्ये वाघ नाल्याच्या कडेने वाकडा गेला असेल तर ते या हिशेबात येत नाही. म्हणून असा आकडा नेहमी खऱ्या चालण्यापेक्षा थोडा कमीच असतो. नोंदी जितक्या दाट, तितका तो खऱ्याच्या जवळ जातो.

आणि टिपेश्वर ७८ अंशाच्या पूर्वेला आहे, म्हणजे चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात. वाघाने ती रेषा ओलांडली त्या जागी त्रेचाळिसाव्या पट्ट्यातला पूर्वेकडचा आकडा सुमारे ८१४ किलोमीटर असतो आणि चव्वेचाळिसाव्यातला सुमारे १८६. रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची नोंद आपापल्या पट्ट्यात ठेवून कुणी थेट वजाबाकी केली, तर वाघाने एका पावलात सव्वासहाशे किलोमीटरची उडी मारली असं उत्तर येईल. दोन्ही बिंदू आधी एकाच पट्ट्यात, एकाच आरंभबिंदूवरून मोजायचे आणि मगच फरक घ्यायचा.